इसूचा उजवा तळहात

माझ्या मुलीचा हात भाजला, त्यात चूक माझी होती. बरा होत आलेला तो हात पुन्हा आखडला, त्यातही चूक माझीच होती. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना दोष कोणाचा हे तुम्हाला शोधत बसावं लागणार नाही आणि मलाही मोकळं बोलता येईल.

मी संगीता. माहेर आणि सासर दोन्ही पाथर्डी तालुक्यातलं. बारावीपर्यंत शिकले, मग लग्न झालं आणि पहिल्याच दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटाच माणूस गेला तर तो अर्धा कोयता. आमचा कोयता पाच वर्षं अख्खा होता.

नगरच्या हॉस्पिटलात एक मॅडम आहेत, भाजलेल्या मुलांचे हात चालते करणाऱ्या. आम्ही त्यांना व्यायामाच्या मॅडम म्हणतो. तपासणीला गेलं की त्या मला नव्यानं आलेल्या आयांच्या शेजारी बसवतात आणि म्हणतात, "हिला सांग गं तुझं." सांगून सांगून माझा घसा बसला. शेवटी त्याच म्हणाल्या, "एकदाचं लिहूनच काढ." म्हणून हे लिहिते आहे. यात औषधांची नावं नाहीत, ती डॉक्टर सांगतील. डॉक्टरांच्या तोंडून जे येत नाही तेवढंच मी सांगते.

राखेचा ढीग

त्या वर्षी आमची टोळी बेलापूरजवळ एका मळ्यात उतरली होती. उसाच्या फडाला लागून आमच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या. इसू, म्हणजे माझी ईश्वरी, साडेतीन वर्षांची होती. तिला सांभाळायला सासूबाई आमच्याबरोबर आल्या होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते.

आदल्या दिवशी मळेवाल्या काकूंनी दोन रताळी दिली होती. एक मी राखेत पुरून भाजलं. इसूनं ते सालीसकट खाल्लं आणि लगेच दुसऱ्यासाठी हट्ट धरला. "ते उद्या," असं सांगून मी तिला गप्प केलं.

सकाळी भाकरी झाल्यावर मी रोजच्यासारखा चुलीतला विस्तव बाहेर ओढला आणि त्यावर राख लोटून ठेवली. असं केलं की दुपारी फुंकर मारून चूल पुन्हा पेटवता येते, जळण वाचतं. कोप्यांवरच्या सगळ्याच बायका असं करतात. वरून बघणाऱ्याला तो थंड राखेचा ढीग वाटतो. मग मी फडात मोळ्या बांधायला गेले. पोर झोपलंय म्हणून आत्याबाई हंडा घेऊन पाण्याला गेल्या. इसू उठली आणि दुसरं रताळं काढायला तिनं राखेत हात घातला.

रताळं तिथं नव्हतंच. ते मी फडक्यात बांधून वर टांगलं होतं.

तिचं रडणं मी फडातून ओळखलं. पळत पोहोचले तोवर शेजारच्या कोपीतल्या बाईनं तिच्या हातावर टूथपेस्ट थापली होती. बिचारीनं चांगल्या मनानंच थापली होती. तेवढ्यात मळेवाल्या काकू आल्या. त्यांनी इसूला माझ्याकडून जवळजवळ हिसकावूनच घेतलं, मोटारीच्या पाइपाखाली तिचा हात धरला आणि मला दरडावलं, "आधी ती पेस्ट धू. मी सांगंपर्यंत हात पाण्याखालून काढायचा न्हाई. रडू दे तिला."

वीसेक मिनिटं आम्ही तो हात पाण्याखाली धरून बसलो. माझं लुगडं भिजून गेलं. मग काकूंनी स्वच्छ धुतलेलं पातळ फडकं हातावर सैल टाकलं आणि आम्हाला जीपमध्ये बसवलं. पुढं डॉक्टर म्हणाले की त्या पाण्यामुळं बरंच वाचलं. तुमच्या मुलाला भाजलं तर बाकी काही आठवलं नाही तरी चालेल, काकूंचा पाइप तेवढा आठवा.

डॉक्टरांची मूठ

नगरला पोहोचेपर्यंत इसू रडून थकून माझ्या खांद्यावर झोपली होती. डॉक्टर तरुण होते. त्यांनी हात तपासला आणि म्हणाले, "जिवाला धोका नाही."

मला हायसं वाटलं. पण त्यांचा चेहरा हसरा नव्हता, म्हणून मी विचारलं, "मग कशाला आहे?"

त्यांनी स्वतःचा तळहात माझ्यापुढं उघडला. मग सावकाश, अगदी सावकाश, तो मिटत नेला आणि त्याची मूठ झाली. "तळवा आणि बोटांची आतली बाजू खोल भाजली आहे. जखम भरताना कातडी आवळते. हात असा मिटत जातो. तो मिटू द्यायचा नाही, एवढंच आपलं काम. पण ते पुष्कळ दिवसांचं काम आहे, ताई."

"उघडल सगळा?" इसूच्या पप्पांनी विचारलं.

"चार बोटांसाठी आपण भांडू. करंगळीचं मी आत्ता काही बोलत नाही."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात ती करंगळी बसली. लोक देवाजवळ काय काय मागतात. मी एक बोट मागत होते.

वॉर्डाच्या दारात आत्याबाई आणि माझं भांडण झालं. त्या म्हणाल्या, "राखंखाली इस्तू झाकून कशापाई ठिवला तू?" मी म्हणाले, "आन तुमी पोरीला एकटं सोडून कशापाई गेलात?" दोघींचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच दोघींनाही ते सहन झालं नाही. त्यानंतर आम्ही एकमेकींशी बोलणंच बंद केलं. काही लागलं तर इसूच्या पप्पांना मध्ये घालायचं. "तुमच्या आईला म्हणावं चहा घ्या." "तुज्या बायकोला म्हणावं मला नको." त्या माणसाचे फार हाल झाले.

पाच बोटांना पाच सदरे

वॉर्डातली सकाळ ड्रेसिंगच्या गाडीच्या आवाजानं सुरू व्हायची. ती चाकं करकरायला लागली की सगळी मुलं एकदम गप्प व्हायची. त्या शांततेची मला जास्त भीती वाटायची.

पहिल्या ड्रेसिंगला इसूला धरायला तिचे पप्पा आत गेले. उसाची भरलेली मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा गडी तो. पट्टी सुटली आणि तो जो खाली बसला तो उठेचना. सिस्टर इसूला सोडून त्यांच्या तोंडावर पाणी मारायला लागल्या. इसू रडायची थांबली आणि म्हणाली, "पप्पा पडले." त्या दिवसाचं ड्रेसिंग तिच्या त्या कुतूहलातच उरकलं. दुसऱ्या दिवसापासून मी आत जायला लागले.

तिथल्या मोठ्या सिस्टर वयानं निवृत्तीजवळ आलेल्या होत्या. त्या प्रत्येक बोट वेगळं गुंडाळायच्या आणि इसूला सांगायच्या, "एका सदऱ्यात दोघं झोपले तर भांडतात. म्हणून पाच बोटांना पाच सदरे." मला वाटलं लहान मुलीला रमवायला सांगतात. नंतर कळलं की बोटं एकत्र बांधली तर ती एकमेकांना चिकटून भरतात. आमच्या गावात एका माणसाची दोन बोटं तशीच जोडलेली आहेत. लहानपणी भाजल्यावर घरच्यांनी सगळा पंजा एकाच फडक्यात करकचून बांधला होता.

पंधरा-सोळा दिवसांनी मांडीची कातडी काढून तळव्याला लावली. ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं. इसूला आत नेलं तेव्हा मी आणि आत्याबाई बाकड्याच्या दोन टोकांना बसलो होतो. त्या हळूच मधोमध सरकल्या. मी उठून गेले नाही.

मला कोणी खरं विचारलं तर त्या पाच आठवड्यांत मी सगळ्यात जास्त कशाला घाबरले? दुसऱ्या बायकांच्या नजरेला. ज्या बाईचं मूल भाजतं तिच्याकडं सगळे असे बघतात की हिनंच हात धरून चुलीत घातला असावा. त्या सिस्टर मात्र एकदा इसूची पट्टी बांधता बांधता माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "वीस वर्षं इथं आहे. निष्काळजी आई मी अजून पाहिली नाही. दमलेल्या पाहिल्यात." मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले आणि तोंड धुऊन परत आले.

पेटीतली वस्तू

घरी सोडायच्या आधी व्यायामाच्या मॅडम भेटल्या. त्यांनी इसूच्या हाताचं माप घेतलं होतं. त्या मापाचा एक हातमोजा पुण्याहून शिवून आला. अंगाच्या रंगाचा, घट्ट, प्रत्येक बोटाला वेगळं घर, बारीक शिलाई. इतकी सुबक वस्तू आमच्या घरात कधी आली नव्हती. झोपताना बोटं सरळ ठेवायला एक प्लॅस्टिकची पट्टीही दिली. मॅडमनी सांगितलं, दिवसभर मोजा, झोपताना पट्टी, तीन वेळा खोबरेल तेलानं मालिश आणि बोटं ताणायचे व्यायाम. वर्ष-दीड वर्ष तरी.

मी मान डोलावली. सगळं समजलं होतं, यात खोटं नाही.

हंगाम अर्धा राहिला होता आणि टोळी आमची वाट बघत होती. आम्ही कोपीवर परत आलो. पहिल्या दोन दिवसांतच त्या मोज्याला काजळी लागली, उसाचा चिकटा लागला. मी धुतला, पण वाळेपर्यंत संध्याकाळ झाली. मला भीती वाटायला लागली की हा खराब झाला तर दुसरा कुठून आणणार? पुण्याहून मापानं शिवून आलेला, खास इसूसाठी.

मग मी काय केलं सांगते. आमच्याकडं चांगल्या वस्तूचं जे करतात तेच केलं. मोजा स्वच्छ धुतला, उन्हात वाळवला, कापडात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत माझ्या लग्नातल्या शालूशेजारी ठेवला. बाजारच्या दिवशी बाहेर काढायचा, इसूच्या हातात घालायचा, घरी आलं की परत पेटीत. पट्टीचंही तेच. कोप्यांवरच्या बायका म्हणायच्या, "लई निगुतीनं वापरती बाई." आणि मला खरोखर अभिमान वाटायचा.

मालिश जमेल तशी करत होते. म्हणजे जमत नव्हती. अंधारात फडात जायचं आणि दिवस मावळता परत यायचं, त्यात मालिश कुठं बसणार? हातही वरून चांगला दिसत होता. जखम भरली होती, पोर खेळत होतं. बोटं जरा वाकलेली वाटायची. मी म्हणायचे, होतील सरळ, अजून लहान आहे. महिन्यानं दाखवायला या असं सांगितलं होतं. आम्ही हंगाम संपल्यावर गेलो.

मॅडम काही बोलल्या नाहीत

तपासणीला जाताना मी मोजा पेटीतून काढला आणि कापडासकट पिशवीत घेतला. वाटेत मळू नये म्हणून.

मॅडमनी तो हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. "अगदी नवा आहे गं."

"जपूनच वापरते मॅडम," मी म्हणाले. सांगताना मान वर होती माझी.

त्यांनी इसूला जवळ घेतलं आणि मोजा घालायला लागल्या. अंगठा गेला. पहिलं बोट गेलं. मधलं बोट अर्ध्यावर अडलं. पुढची दोन बोटं तळव्याकडं वळून बसली होती, ती मोज्याच्या घरात जाईनात. करंगळी तर पार तळव्याला टेकलेली. मॅडमनी हलकेच ओढून बघितलं, इसू कळवळली. त्यांनी मोजा काढून टेबलावर ठेवला. टेबलावर पाच बोटं सरळ पसरलेला नवा कोरा मोजा आणि शेजारी माझ्या लेकीचा हात. मला कोणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

मी तिथंच जमिनीवर बसले. मॅडम म्हणाल्या, "ऊठ. चूक माझीपण आहे. मी 'दिवसभर घाला' एवढंच सांगितलं, का घालायचा ते सांगितलं नाही. मोजा त्या कातडीला दाबून धरतो. तो फाटला पाहिजे. फाटला की मला कळतं, वापरला. फाटलेला घेऊन ये, मी नवा देईन."

वापरून वस्तू फाटल्याचं कोणाला कौतुक वाटतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. आता मी प्रत्येक आईला पहिली हीच गोष्ट सांगते. मोजा फाडा. लवकर फाडा.

अख्खा कोयता

जूनमध्ये दुसरं ऑपरेशन झालं. आवळलेली कातडी मोकळी करून तिथं जांघेजवळची जाड कातडी लावली आणि बोटं सरळ राहावीत म्हणून त्यात बारीक तारा घातल्या. इसू तोवर चार वर्षांची झाली होती आणि तिला पुष्कळ बोलता येत होतं. त्या तारांची टोकं बाहेर दिसायची. ती वॉर्डभर सांगत फिरली, "माझ्या हाताला रेंज आलीया."

तारा निघाल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तीन बोटं उत्तम. करंगळी पाऊण आली आहे. पुढचं सगळं घरच्या व्यायामावर. आणि आता पुन्हा आखडला तर पुढचं ऑपरेशन याहून अवघड."

दिवाळी आली. टोळीचा मुकादम विचारायला आला. मी पडवीत इसूचा हात चोळत बसले होते. इसूचे पप्पा त्याला म्हणाले, "औंदा मी एकलाच येनार. अर्धा कोयता धर." त्यांचा आवाज पडला होता. एकट्या माणसाला तोडायचं, बांधायचं, वाहायचं सगळं एकट्यानं. फार ओढ होते.

आत्याबाई आतून बाहेर आल्या. मुकादमाला म्हणाल्या, "अर्धा कशाला? मी हाय की."

मुकादम हसला. "म्हातारे, तुज्यानं व्हनार हाय का आता?"

"मी कोयता धरला तवा ह्यो पाळन्यात हुता," त्या लेकाकडं बोट दाखवून म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. अकरा महिन्यांनी त्या पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलत होत्या. "संगे, तू हितंच ऱ्हायचं. दुसरं कायबी करायचं न्हाई. पोरीचा हात उघडून दाव मला."

"आत्याबाई, तुमच्या गुडघ्यांना..." मी म्हणायला लागले.

"गुडघं माजं हायती. तू हात बघ."

त्या गेल्या. देवळाली प्रवऱ्याकडच्या फडात, वयाच्या छप्पनाव्या वर्षी, सकाळच्या दहिवरात. आमच्यात कोणी कोणाची माफी मागितली नाही, आजवर मागितलेली नाही. तशी गरजही मला पुन्हा कधी वाटली नाही.

चिंचोका, हरभरा, तूर, मूग, बाजरी

हात किती उघडला हे बघायला मॅडम तळहात टेबलावर पालथा ठेवायच्या आणि बोटांच्या मधल्या पेराखालून पेन्सिल जाते का बघायच्या. जाते म्हणजे बोट अजून वाकलेलं आहे. मी घरी फरशीवर तेच करायला लागले, पण पेन्सिलीला आमच्या घरातली मापं लावली. सुरुवातीला करंगळीखालून चिंचोका आरामात जात होता.

सकाळी मालिश. मग पीठ मळायचं. बाजरीचा एक गोळा इसूचा, एक माझा. भाकरी थापायला पंजा सपाट लागतो, मुठीनं भाकरी होत नाही. तिची भाकरी पहिले दोन महिने कोणत्याही आकाराची व्हायची, बहुतेक वेळा कुत्र्याच्या कानासारखी. ती मीच तव्यावर टाकायचे आणि आम्ही दोघी ती खायचो. चुलीजवळ यायला इसू घाबरायची. मीही तिला बोलावलं नाही. परात दारातच मांडायची.

सगळे दिवस गोड गेले असं समजू नका. ताणताना तिला दुखायचं आणि ती मला "तू वाईट आई हायेस" म्हणायची. दिवसातून तीन वेळा स्वतःच्या लेकराला रडवायचं आणि तेही हसऱ्या तोंडानं, हे काम कोणाच्या वाट्याला येऊ नये. एकदा तिनं मोजा शेळीच्या शिंगात अडकवला आणि शेळी हाकलून दिली. मी आणि अर्धी आळी त्या शेळीमागं पळालो. मोजा मिळाला तेव्हा दोन ठिकाणी उसवला होता. मॅडमना दाखवला तर त्या खूष. "हे कसं झालं?" "शेळीनं वापरला." त्या खुर्चीत मागं रेलून हसल्या.

गावात सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणायचं अंगारा लावा, कोणी म्हणायचं पोरीला एवढं कशाला छळता. एक लांबची चुलती हळहळून म्हणाली, "पोरीची जात. लगीन कसं व्हायचं हिचं?" चार वर्षांच्या मुलीच्या लग्नाची काळजी! मी म्हणाले, "ज्याला बायकोच्या तळहाताची अडचन हाय त्याला आपून दारातूनच लावून दिऊ." ती पुन्हा आली नाही, त्यामुळं माझा बराच वेळ वाचला.

दर बाजारच्या दिवशी आत्याबाईंचा फोन यायचा. पोरगी कशी आहे, जेवलात का, काही नाही. एकच प्रश्न. "कुठवर आलं?"

"चिंचोका अडला. हरभरा जातोय."

"बरं." फोन बंद.

पौषात हरभरा अडला. शिमग्याच्या आसपास तूर अडली. त्यानंतर मात्र गाडी थांबली. मुगाचा दाणा करंगळीखालून रोज सुळकन जायचा आणि रोज माझं तोंड उतरायचं. दोन महिने मुगावर काढले. मी मॅडमना म्हणाले, "एवढंच येणार असेल तर तसं सांगा." त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. पण तू थांबलीस तर इथंच थांबेल, हे मात्र नक्की माहीत आहे." असं खरं उत्तर मिळालं की माणसाला बरं वाटतं. मी पुन्हा तेलाची वाटी घेतली.

मूग पुढच्या पावसाळ्यात अडला. राहिली बाजरी. बाजरीचा दाणा तो केवढा. डॉक्टर म्हणाले, "ताई, एवढं तर माझ्याही बोटाखालून जाईल. आता बस करा, मुलीला शाळेत घाला." तेव्हा आम्ही मोजायचं थांबवलं. मोजा आणि मालिश मात्र चालूच ठेवली.

पहिलीचा वर्ग

इसू पहिलीत गेली. तळव्याची कातडी अजून गडद होती, जरा जाडसर. मोज्याचं काम तोवर संपलं होतं, पण ती हात पदराखाली धरावा तसा फ्रॉकखाली धरायची. वर्गात उजवा हात वर करायची नाही. लिहायची उजव्यानं, बाकी सगळं डाव्यानं. हात उघडला होता, पण तो उघडला आहे हे तिला अजून पटलेलं नव्हतं. यावर मॅडमकडंही व्यायाम नव्हता.

एका दुपारी शाळेतून निरोप आला, लगेच या. चप्पल न घालता गेले.

वर्गाबाहेर बाई उभ्या. शेजारी प्रांजल नावाची इसूच्याच वर्गातली एक गुबगुबीत मुलगी हुंदके देत होती आणि भिंतीला पाठ लावून इसू उभी, नाक फुगवून.

बाई म्हणाल्या, "ईश्वरीनं हिला मारलं. बघा काय अवस्था केली आहे. हिनं चिडवलं हे मान्य, थोटी म्हणाली. तिला मी रागावले आहे. पण असं मारायचं?"

मी वाकून प्रांजलचा गाल बघितला. गालावर सगळी बोटं उमटली होती. कानाजवळून हनुवटीपर्यंत, एकाशेजारी एक, लांब आणि सरळ. मी मोजली. बाई बोलत होत्या, मी मोजत होते. एक, दोन, तीन, चार. चौथं शेवटचं, हनुवटीजवळ, बारीकसं. तेही टोकापर्यंत सरळ.

"ईश्वरीच्या आई, ऐकताय ना?"

"ऐकते बाई," मी म्हणाले. "चुकलंच तिचं." मग मी इसूला माफी मागायला लावली, प्रांजलचे डोळे पुसले, पुन्हा असं होणार नाही असं कबूल केलं. सगळं मनापासून केलं, फक्त बाईंच्या डोळ्यांना डोळा देता येईना. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि शाळेच्या व्हरांड्यात दोन्ही बरं दिसलं नसतं.

घरी येताना इसू म्हणाली, "मम्मी, माझा हात लई झणझणला."

"कुठला?"

तिनं उजवा हात माझ्यापुढं केला. उघडा, फ्रॉकबाहेर, भर रस्त्यात. मी म्हणाले, "परत कुणाला मारायचं न्हाई. हात वर करायचा आसंल तर बाईंनी प्रश्न विचारल्यावर करायचा." ती "व्हय" म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं तो केला, असं बाईंनीच मला नंतर सांगितलं.

आज ती चौथीत आहे. अंग वाढतं तशी ती कातडी वाढत नाही, म्हणून डॉक्टर म्हणतात बारा-तेराव्या वर्षी कदाचित आणखी एक छोटं ऑपरेशन लागेल. लागू दे. आम्हाला रस्ता माहीत झाला आहे. आम्ही दर सहा महिन्यांनी जातो.

पण त्या दिवसाचं राहिलं. घरी आल्या आल्या मी आत्याबाईंना फोन लावला. त्या वर्षीही माझ्या जागी त्याच फडात होत्या. मागं पाचटाची सळसळ ऐकू येत होती. मी सगळं सांगितलं. थोटी म्हणाल्याचं सांगितलं, चापट सांगितली, बाईंचा राग सांगितला. मी संपवल्यावर त्यांनी विचारलं, "करंगळी उठली व्हय गालावर?"

"उठली आत्याबाई. सरळ उठली."

त्यांनी नाक ओढलं आणि म्हणाल्या, "मंग त्या पोरीला कायतरी खाऊ घिऊन जा."

मी संध्याकाळी बिस्किटांचा पुडा घेऊन प्रांजलच्या घरी गेले.